वाळवंटातली दलदल आणि न मुरणारं पाणी

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते की निचऱ्याच्या नावाने शंख असलेली, कमालीची अल्कधर्मी चिकणमाती पाहायची असेल तर वाळवंटातल्या दलदलीत जावं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यांनाच द्यावं लागतंय. माझी तक्रार नाही. या मातीवर बोलायला मला निमित्त पुरतं.

प्रश्न: ताई, वाळवंट म्हणजे पाण्याचा ठणठणाट आणि दलदल म्हणजे पाणीच पाणी. दोन्ही एका जागी कसं? शिवाय वाळूत पाणी मुरून जायला हवं, ते साचतं कसं?

आधी वाळू बाजूला ठेवू. वाळवंट ठरतं ते पाऊस किती आणि बाष्पीभवन किती यावरून. खाली वाळू असो, दगड असो की चिकणमाती. वाळवंटात बंदिस्त खोरी पुष्कळ, म्हणजे जिथलं पाणी समुद्रापर्यंत पोचतच नाही. डोंगरावरून येणारा लोंढा मोठे गोटे पायथ्याशी टाकतो, पुढे रेती टाकतो आणि अगदी बारीक गाळ तेवढा खोऱ्याच्या मध्यात नेऊन ठेवतो. त्यामुळे सगळ्यात सखल जागी सगळ्यात बारीक माती, आणि सगळं पाणीही तिथेच. निचरा बिघडायला एवढंच पुरे.

आता पाणी येतं कुठून? अमेरिकेत नेवाडा राज्यात, डेथ व्हॅलीच्या पूर्वेला अमारगोसा वाळवंटात अ‍ॅश मेडोज नावाची जागा आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास, आणि उघड्या पाण्याची वाफ त्याच्या विसेक पटीने होऊ शकते. तरी तिथे डझनावारी झरे बारमाही वाहतात. हे पाणी यंदाच्या पावसाचं नाहीच. हजारो वर्षांपूर्वी दूरच्या डोंगरांवर पडलेला पाऊस आणि वितळलेलं बर्फ चुनखडकाच्या भेगांमधून जमिनीखालून सरकत आलेलं आहे. वाटेत भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग, आडवा येतो, भ्रंशापलीकडे जुन्या तळ्यांचा घट्ट गाळ असतो. पुढे वाट नाही म्हटल्यावर पाणी वर येतं.

वर आलं की ते त्या गाळावर पसरतं. खाली चिकणमाती मुरू देत नाही, बाजूला उतार नाही. मग त्याला एकच रस्ता उरतो, हवेत जाण्याचा. वाफ होताना पाणी एकटं जातं, त्यात विरघळलेलं सगळं इथेच टाकून. आणि त्यासाठी पाणी पृष्ठभागावर दिसायला हवं असंही नाही. पातळी मीटर-दीड मीटर खाली असली तरी बारीक मातीची छिद्रं ते वर ओढून घेतात. म्हणून लांबून कोरडं दिसणारं पांढरं मैदान पायाखाली ओलं निघतं.

प्रश्न: मी मृदाशास्त्राचा विद्यार्थी. एका वाळवंटी पाणथळीच्या काठच्या मातीचा अहवाल आमच्याकडे अभ्यासाला आहे: सामू (पीएच) ९.४, ई. सी. ०.९. ई. सी. कमी म्हणजे क्षार कमी, म्हणजे माती तशी बरीच म्हणायची ना?

नाही. हे दोन आकडे शेजारी दिसले की मी खुर्चीत सरसावून बसते.

विद्युत वाहकता, म्हणजे तुझी ई. सी., विरघळलेले एकूण क्षार सांगते. ते कोणते, हे सांगत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या रिव्हरसाइड इथल्या प्रयोगशाळेने १९५४ साली या विषयावर एक पुस्तिका काढली आणि आजही जगभर तिच्यातल्याच सीमारेषा धरून चालतात. संपृक्त मातीच्या अर्काची ई. सी. ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की माती खारवट. मातीच्या कणांना चिकटलेल्या धनभारित मूलद्रव्यांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेला की ती चोपण. दोन्ही एकदम असू शकतं, आणि वाळवंटी दलदलीत बहुधा तसंच असतं.

आता सामू. मातीत नुसता चुना असेल तर सामू ८.२ ते ८.४ च्या आसपास अडतो, कारण चुना पाण्यात फारसा विरघळत नाही. तो ८.५ ओलांडून ९.४ वर गेलाय म्हणजे तिथे सोडियम कार्बोनेट आहे. धुण्याचा सोडा. ई. सी. कमी असताना सामू एवढा असेल तर सोडियमला आवर घालणारं त्या मातीत काहीच शिल्लक नाही असं समज.

आवर कसला, ते सांगते. चिकणमातीचा कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांचा थर, पत्त्यांचा कॅट समज. पापुद्र्यांवर ऋण भार असतो. त्यांच्यामध्ये कॅल्शियम असेल तर तो दोन्ही बाजू घट्ट धरून ठेवतो, कणांचे गठ्ठे होतात, गठ्ठ्यांमध्ये मोठी छिद्रं राहतात आणि त्यांतून पाणी उतरतं. सोडियमची पकड सैल. तो स्वतःभोवती पाणी गोळा करतो, पापुद्रे फुगून एकमेकांपासून सुटतात आणि सुटलेले कण खाली जाऊन उरलीसुरली छिद्रं बुजवतात. ओली असताना अशी माती गिलावा, वाळली की वीट. वापसा म्हणून जी मधली अवस्था असते, ती या मातीत आली कधी आणि गेली कधी हेही कळत नाही.

गंमत पुढेच आहे. भोवतालच्या पाण्यात क्षार भरपूर असतील तर पापुद्रे फार फुगू शकत नाहीत. म्हणजे खारट पाणी या मातीला धरून ठेवतं आणि स्वच्छ पावसाचं पाणी तिला मोडतं. चांगला पाऊस झाला, वरचे क्षार धुतले गेले, ई. सी. उतरली, अहवाल बघणारा खूश होतो आणि नेमका तेव्हाच निचरा पार बंद पडलेला असतो. तुझा नमुना मला त्यातलाच वाटतो.

खात्री करायला यंत्र लागत नाही. वाळलेल्या मातीचा वाटाण्याएवढा खडा घे. काचेच्या उथळ भांड्यात डिस्टिल्ड वॉटर ओत आणि खडा अलगद सोड. हलवायचं नाही, ढवळायचं नाही. नुसता ढासळून त्याचे तुकडे पडले आणि पाणी नितळ राहिलं, तर ते साधं फुटणं आहे, त्याची काळजी नको. पण काही मिनिटांत खड्याच्या कडेने धुरकट वलय सुटायला लागलं आणि ते भांड्याच्या तळावरून पसरत गेलं, तर तो सोडियमचा हात. ते गढूळ पाणी तसंच राहू दे. दुसऱ्या दिवशीही ते निवळलेलं नसतं. मग चिमूटभर जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, टाकून पाहा, काही वेळात गाळ खाली बसायला लागेल. मातीवर व्हिनेगर टाकून फसफसतं का हे बघणारे पुष्कळ असतात. फसफसण्यावरून चुना कळतो, सोडियम कळत नाही.

प्रश्न: समुद्र इतका दूर असताना वाळवंटात मीठ आलं कुठून? आणि काही तळी नुसती खारट तर काही सोड्याची, असा फरक का?

बहुतेक बंदिस्त खोऱ्यांत ते खडकांतून आलेलं असतं. पावसाच्या पाण्यात थोडा कार्बन डायॉक्साइड असतो, ते खडक झिजवतं आणि सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट असं थोडं थोडं घेऊन येतं. नदी समुद्राला मिळणारी असती तर हे सगळं वाहून गेलं असतं. (कच्छच्या रणाची गोष्ट वेगळी, तिथल्या मिठात समुद्राचा वाटा मोठा आहे.)

फरक का पडतो, याचा हिशेब १९७० साली हार्डी आणि यूग्स्टर या दोन भूरसायनशास्त्रज्ञांनी मांडला आणि मला तो अजूनही आवडतो. पाणी आटत गेलं की सगळ्यात आधी कॅल्शियम आणि कार्बोनेट यांची जोडी चुन्याच्या रूपाने बाहेर पडते. जोडीत दोघेही सारखेच खर्च होतात. म्हणजे सुरुवातीला ज्याचं पारडं किंचित जड, तो पुढे उरतो आणि दुसरा जवळपास संपतो. कॅल्शियम उरला तर तो सल्फेटला धरून जिप्सम बनवतो, पाणी खारट होतं पण सामू फार चढत नाही. मेक्सिकोच्या कोआविला राज्यातल्या क्वात्रो सिएनेगास खोऱ्यात जिप्समचे पांढरेशुभ्र ढिगारे याच कारणाने आहेत. कार्बोनेट उरलं तर मात्र त्याला जोडीदार म्हणून सोडियमच मिळतो आणि सामू ९, १० असा चढत जातो. केनियातलं मगाडी सरोवर, इजिप्तमधलं वादी अल नत्रून ही याच घरातली. नत्रूनमधलाच सोडा प्राचीन इजिप्तमध्ये ममी सुकवायला वापरत.

दोन झऱ्यांच्या पाण्यात सुरुवातीला असलेला फरक चवीला कळणारही नाही इतका कमी असू शकतो. आटता आटता तो इथवर येतो.

प्रश्न: मावशी, मी सातवीत आहे. आम्ही सहलीला गेलो तेव्हा पांढऱ्या खाऱ्या जमिनीत काठी खुपसली तर आत काळा चिखल निघाला आणि घाण वास आला. तो चिखल विषारी असतो का?

तू काठी खुपसलीस हे उत्तम केलंस, वरून बघून मातीचं काही कळत नाही.

पाण्याने भरलेल्या मातीत हवा शिरत नाही. तिथे असे जिवाणू राहतात ज्यांना ऑक्सिजन लागत नाही, ते सल्फेट नावाच्या क्षारावर काम भागवतात. त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, हायड्रोजन सल्फाइड, तयार होतो. तो मातीतल्या लोहाला भेटला की काळं लोह सल्फाइड बनतं. उघड्यावर आलेला तो थोडासा वास तुला काही करणार नाही, पण बंद खड्ड्यात किंवा विहिरीत हाच वायू जीव घेतो, तिथे कधी वाकायचं नाही. चिखलाचे हात मात्र धू, कारण सोड्याची माती कातडी कोरडी करते आणि डोळ्यांना झोंबते.

एक करून पाहा. तो काळा चिखल पांढऱ्या बशीत पातळ पसरून हवेत ठेव. हळूहळू त्याचा काळा रंग जाऊन करडा, मग तपकिरी होईल. लोहाला हवा मिळाली, ते गंजलं. आणि तुझ्या विज्ञानाच्या बाईंना सांगण्यासारखं आणखी एक: हेच जिवाणू काम करता करता बायकार्बोनेटही सोडतात. म्हणजे ही दलदल अल्कधर्मी होण्यात या न दिसणाऱ्या मंडळींचाही हात आहे.

प्रश्न: जिप्सम टाकून आणि चर खणून अशी पाणथळ लागवडीखाली आणता येणार नाही का? इतकी जमीन वाया का घालवायची?

जिप्समचा उपाय खरा आहे. हिलगार्ड या शास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात सोड्याच्या जमिनींसाठी तो सांगितला होता, आणि रसायन आजही तेच आहे. जिप्सममधला कॅल्शियम कणांवर बसतो, सोडियमला हाकलतो. हाकललेला सोडियम सल्फेट होऊन पाण्यात उतरतो. पण ही अर्धीच गोष्ट झाली. तो सोडियम सल्फेट पाण्याबरोबर मुळांच्या खाली आणि तिथून शेताबाहेर गेला पाहिजे. गेला नाही तर पाणी वर चढताना त्याला परत घेऊन येतं, आणि तुम्ही जिप्सम टाकून फक्त क्षारांची भर घातलेली असते. म्हणून जिप्समची गोणी फोडण्याआधी मी एकच विचारते: चराचं पाणी कुठे सोडणार?

बंदिस्त खोऱ्यात या प्रश्नाला उत्तर नसतं. खोऱ्यातली सगळ्यात खालची जागा तीच, तिच्याखाली सोडायला जागा नाही. पंपाने उपसून दुसरीकडे न्यायचं, तर ते दुसरीकडे कोणाचं तरी असतं. कॅलिफोर्नियात सॅन वाकीन खोऱ्यातल्या शेतांचं निचऱ्याचं पाणी नेणारा कालवा समुद्राच्या दिशेने बांधायला घेतला, तो वाटेतच थांबला आणि पाणी केस्टरसनच्या तळ्यांत साठत राहिलं. तिथे पक्ष्यांचं अभयारण्यही होतं. मातीतून धुऊन आलेलं सेलेनियम त्या तळ्यांत आटत आटत घट्ट झालं, आणि १९८३ साली तिथल्या पाणपक्ष्यांच्या अंड्यांत चोच नसलेली, डोळे नसलेली पिल्लं सापडली. शेतं सुधारत होती, हेही खरं.

अ‍ॅश मेडोजमध्येही हे सगळं करून झालेलं आहे. १९६०च्या दशकात तिथली कार्सन स्लू ही मोठी दलदल कोरडी करून तिच्यातलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, काढलं. मग जमीन सपाट केली, नांगरली, विहिरी पाडून चाऱ्याची पिकं घेतली. उपसा सुरू होताच जवळच्या डेव्हिल्स होल या खडकातल्या खोल डोहाची पातळी उतरायला लागली. त्या डोहात अडीच-एक सेंटिमीटरांचा एक मासा आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि तो अंडी घालतो पाण्याखालच्या एका उथळ खडकाच्या कट्ट्यावर. पातळी आणखी उतरली असती तर कट्टा उघडा पडला असता. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७६ साली न्यायालयाने उपशावर मर्यादा घातली. शेती बसली. पुढे तिथे हजारो घरांची वसाहत करण्याची योजना आली, तीही बारगळली, आणि १९८४ साली त्या जागेचं अभयारण्य झालं. नांगरलेल्या पट्ट्यांत बाहेरून आलेलं झाऊ आणि तण घुसलं, ते काढण्याचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं.

‘वाया’ म्हणालात म्हणून एवढं लांबवलं. सिंचनाने बिघडवलेली शेतजमीन आणि मुळातली पाणथळ यांत मी फरक करते. पहिली दुरुस्त करावी, त्यासाठी जिप्सम, चर, सगळं करावं, बाहेर जायला वाट असेल तर. दुसरीत बिघाड झालेलाच नाही. तिथे पाणी न मुरणं हीच तर जागेची घडण आहे. मुरलं असतं तर झऱ्यापासून दहा पावलांवर दलदल संपली असती.

प्रश्न: अशा मातीत नुसतं शेवाळ उगवत असेल ना? की झाडंही येतात?

येतात, आणि काही तर फक्त तिथेच येतात. अ‍ॅश मेडोजच्या आसपास नायटरवर्ट नावाचं रोप आहे, शास्त्रीय नाव नायट्रोफिला मोहावेन्सिस. उंची वितीपेक्षाही कमी, पानं मांसल, फुलं बारीक गुलाबी. क्षारांच्या पांढऱ्या खापरीतून वर आलेलं पाहिलं तर विश्वास बसत नाही. ते जमिनीखालच्या आडव्या खोडांनी पसरतं. अमारगोसाच्या परिसराबाहेर ते आढळत नाही.

तिथलंच सॉल्टग्रास हे गवत क्षार आत घेतं आणि पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. सकाळच्या तिरप्या उन्हात पान भिंगाखाली धरलं तर कडेने मिठाचे चौकोनी कण दिसतात. आणि दलदलीतल्या वेतांची, लव्हाळ्यांची मुळं खणून पाहा: राखाडी-निळसर मातीत प्रत्येक मुळाभोवती गंजाच्या रंगाची बाही असते. ही झाडं पानांतून हवा खाली मुळांपर्यंत नेतात, त्यातली थोडी झिरपते आणि लगतचं लोह गंजतं. मातीच्या छेदात अशा जुन्या नळ्या दिसल्या की तिथे कधीकाळी दलदल होती हे ओळखायला मला दुसरा पुरावा लागत नाही.

माझं आवडतं मात्र पेकॉस सूर्यफूल. न्यू मेक्सिको आणि टेक्ससमधल्या वाळवंटी झऱ्यांकाठी, सतत ओल्या खाऱ्या मातीत ते वाढतं. ही जात निसर्गातच दोन सूर्यफुलांच्या संकरातून तयार झाली. एक आईबाप नेहमीचं सूर्यफूल, ज्याला भारी माती चालते. दुसरं रेताड जमिनीतलं. खाऱ्या दलदलीत दोघांचाही निभाव लागत नाही, पोराचा मात्र लागतो. १९९९ पासून ते अमेरिकेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. कारण ओळखीचंच आहे, झऱ्यांचं पाणी कमी होणं.

प्रश्न: अशा जागेचा मातीनमुना घ्यायचा असेल तर काय काळजी घ्यावी?

परवानगी आधी. अशा बहुतेक जागा राखीव असतात. आणि पायवाट सोडू नका, कारण पांढऱ्या खापरीखाली बऱ्याचदा फुगीर पोकळ माती असते. सोडियम सल्फेट थंडीत पाणी धरून स्फटिक बनतं, उन्हात ते पाणी सोडून भुकटी होतं, आणि या उलटापालटीत माती उचलली जाते. तिच्यावरच्या पावलांच्या आणि चाकांच्या खुणा वर्षानुवर्षं बुजत नाहीत. पाय आत गेलाच तर झटका देऊन ओढू नका, टाच हलवत हवा आत जाऊ द्या, नाहीतर पाय येतो आणि बूट राहतो.

नमुन्यात सगळ्यात जास्त घोळ पहिल्या बोटभर मातीने होतो. वरचा पांढरा थर खालच्या मातीत मिसळला की ई. सी. अवाच्या सवा येते आणि खाली काय चाललंय ते झाकलं जातं. थर आधी खरवडून वेगळ्या पिशवीत घ्या. मग गिरमिटाने ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० सेंटिमीटर असे वेगळे नमुने. गिरमिट अर्ध्यावर अडलं तर जोर लावू नका, पिळून बाहेर काढा आणि पुन्हा घाला. रंग जागेवरच टिपून घ्या, कारण राखाडी माती प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तपकिरी झालेली असते. भोकात पाणी किती वेळाने आणि किती खोलीवर जमलं तेही लिहा. ओल्या नमुन्याची पिशवी हवा काढून घट्ट बांधा आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई पसरते.